पाच सेकंदांखालचे कॉल

४ फेब्रुवारी

आज खुर्ची ताब्यात घेतली. तिचं एक चाक निखळलेलं आहे, त्यामुळे डावीकडे झुकून सह्या कराव्या लागतात. दारावर पाटी आधीच लागली होती: संचालक, आपत्कालीन दूरध्वनी सेवा. आग, अपघात, छातीत कळ, सगळ्याला राज्यभर एकच नंबर आणि तो उचलायला अकरा जिल्ह्यांत अकरा कक्ष. आधीच्या साहेबांनी खणात दोनच वस्तू ठेवल्या आहेत, एक कंगवा आणि गेल्या वर्षाची आकडेवारी. कंगवा झिजलेला आहे. आकडेवारी कोरी करकरीत.

सरासरी एक्केचाळीस सेकंद. म्हणजे घरात कुणीतरी जमिनीवर पडलंय, आणि फोन एक्केचाळीस सेकंद नुसता वाजतोय.

घरी येऊन घड्याळ समोर ठेवलं आणि तेवढा वेळ श्वास रोखून पाहिला. तिसाव्याला सोडावा लागला. "अगं, काय चाललंय काय?" ह्यांनी विचारलं. ह्यांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता शब्दकोडी सोडवतात. म्हटलं, "काम चाललंय."

११ फेब्रुवारी

सचिवांकडे गेले. मी बारा मुद्दे लिहून नेले होते. ते म्हणाले, "बाई, मला एकच आकडा द्या. भाषण करणाऱ्याला एकच पाठ होतो."

दहा सेकंद, मी म्हटलं. वर्षअखेरपर्यंत राज्यात कुठेही फोन दहा सेकंदांत उचलला जाईल. त्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

कचेरीत आल्यावर महिन्याचा तक्ता पाहिला. चौदा रकाने! तक्ता काढणाऱ्या अभियंत्याला सांगितलं, सहा ठेवा, बाकीचे काढा, एका पानात बसलं पाहिजे. "कुठले काढू?" म्हणाला. "ज्यांचा उपयोग नाही ते," मी म्हटलं. एवढंही सांगावं लागतं.

२ मार्च

डोंगराकडच्या जिल्ह्याचा कक्ष पाहिला. सरासरी सगळ्यात वाईट तिथलीच. एका पाळीला दहा जणी हव्यात, आहेत सहा. त्यांची प्रमुख पन्नाशीची बाई आहे, सगळ्या तिला थोरली म्हणतात. मी शेजारी उभी राहिले तेव्हा ती कुठल्याशा म्हाताऱ्याशी बोलत होती. पत्ता घेऊन झाला होता, गाडी निघाली होती, तरी बोलणं चालूच. "आजोबा, दार उघडं ठेवलंत ना? आता खाली बसा. मी आहे इथे." भिंतीवर चार दिवे लुकलुकत होते, म्हणजे चार फोन वाजत होते.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हे असं कुठवर चालतं?"

"गाडीचा भोंगा फोनमधून ऐकू आला की ठेवते, मॅडम."

"आणि तोवर बाकीच्यांनी काय करायचं?"

"पलीकडे एकटं माणूस असतं हो."

"आणि ज्यांचा फोन नुसता वाजतोय, ते काय लग्नाच्या पंगतीत बसलेत?"

तिने पुढचा फोन उचलला. निघताना म्हणाली, "मॅडम, दोन मुली तरी जास्तीच्या द्या." फाईल वर पाठवते म्हटलं. पाठवली आहे.

परिपत्रक आज रात्रीच्या आत जाईल: पत्ता मिळाला, गाडी निघाली, की फोन ठेवायचा. नव्वद सेकंद पुरेत. मी कुणाला तरी वाईट दिसेन, पण ते चार दिवे मला दिसत होते.

१९ एप्रिल

अकराही कक्षांत भिंतीवर बोर्ड बसले. एखादा फोन दहा सेकंदांच्या वर वाजत राहिला की बोर्ड लाल होतो आणि टणटण घंटा होते. एका पाळीत पाच वेळा लाल झाला, की प्रमुखाला मेमो. थोरलीला पहिल्याच आठवड्यात दोन गेले. सही करताना थोडं जड गेलं, पण नियम तो नियम.

सरासरी तेवीस.

३० मे

नऊ! एक्केचाळीसवरून नऊ, तेही चार महिन्यांत. सचिवांनी स्वतः फोन केला. शेजारच्या राज्यातले तीन अधिकारी बोर्डाचे फोटो काढून गेले.

आणखी एक गोष्ट. येणारे कॉल जवळजवळ दीडपट झालेत. लोकांचा विश्वास वाढला की असं होतं. फोन उचलला जातो हे कळल्यावर माणूस फोन करतो. जेवताना ह्यांना सांगितलं.

"गाड्या किती वाढल्या?" ह्यांनी विचारलं.

"गाड्या तेवढ्याच निघतात."

"मग आजारी तेवढेच आणि फोन दीडपट. गणित बसत नाही गं."

"तुम्ही तुमची शब्दकोडी सोडवा," मी म्हटलं. चांगलं बोललं की ह्यांना खडा सापडतोच.

१४ जून

अभियंता दारात घुटमळत होता. या म्हटलं, तेव्हा आला. म्हणाला, वाढलेले कॉल सगळे फार छोटे आहेत. दोन सेकंद, तीन सेकंद. उचलला की संपला.

"खिशात दाबले गेलेले असणार," मी म्हटलं. "पोरंसोरं खेळतात फोनशी."

"असतील, मॅडम."

म्हणजे विश्वास वगैरे काही नव्हता. जरा हिरमोड झाला. पण आकडा साफ हवा. पाच सेकंदांखालचे कॉल तक्त्यात धरू नयेत, असा आदेश काढला. तो अजून उभाच होता. "आणखी काही?" विचारलं, तर नाही म्हणाला.

२२ ऑगस्ट

जुलै कोराच गेला. सगळं ठीक चाललं की मला लिहायला सुचत नाही.

डोंगराकडचा कक्ष राज्यात पहिला आला. सहा पूर्णांक चार! थोरलीच्या कक्षाला ढाल पाठवली आणि मुद्दाम फोन करून अभिनंदन केलं. ती दोनदा "हो मॅडम" म्हणाली, बाकी काही नाही. लाजली असावी. मेमो देताना मी कडक वागले होते, ते तिच्या मनात राहिलं असेल, तर आता निघून गेलं असेल.

९ सप्टेंबर

डोंगराकडच्या जिल्ह्यात एक सुतार गेला. भर दुपारी, घरात, छातीत कळ येऊन. पंचेचाळीस वर्षांचा. गाडी घरापासून दीड किलोमीटरवर उभी होती. भावाने तक्रार केली आहे की नऊ मिनिटं फोन लागतच नव्हता.

नऊ मिनिटं शक्य नाही. आमची सरासरी सात सेकंदांच्या आत आहे.

सचिव म्हणाले, चौकशी तुम्हीच करा, बाहेरचा माणूस नको.

१२ सप्टेंबर

जबाब वाचले. बायकोचा जबाब दीड पानी. "मी नंबर लावला. उचलल्यासारखा आवाज झाला आणि कट झाला. माझा हात थरथरत होता. बोट कुठेतरी लागत असेल. परत लावला, परत कट झाला. यांना पाणी पाजायला गेले. शेजाऱ्यांकडे धावले, त्यांचं घर बंद. परत लावला. पाचव्यांदा लागला." पाचव्या फोननंतर सात मिनिटांत गाडी दारात होती. तोवर तो गेला होता.

दिराने एक ओळ जास्तीची लिहिली आहे: "वहिनीला फोनसुद्धा धड करता आला नाही."

बाई घाबरलेली होती, बोट लागलं. वाईट झालं, पण यंत्रणेत दोष नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

१५ सप्टेंबर

अभियंत्याने न विचारता चौदा रकान्यांचा जुना तक्ता छापून आणला, त्या बाईच्या पाच कॉलचा. त्याचं बोट चौदाव्या रकान्यावर होतं. फोन कुणी ठेवला?

पहिला: कक्ष. दुसरा: कक्ष. तिसरा: कक्ष. चौथा: कक्ष.

"यंत्राची चूक असेल," मी म्हटलं.

"नाही, मॅडम." या वेळी तो 'असेल' म्हणाला नाही. "हा रकाना फेब्रुवारीत काढला आपण."

१६ सप्टेंबर

थोरलीसमोर तक्ता ठेवला. तिने तो वाचायचीही तसदी घेतली नाही.

"उचला-ठेवा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सहाही जणी बोलत असल्या, की सातवा वाजत राहतो. आठ सेकंद झाले, नऊ झाले, बोर्ड लाल होणार. मग जिला जमेल तिने तो उचलायचा आणि ठेवायचा. माणूस परत लावतो. बोर्ड पुन्हा शून्यापासून मोजतो. तोवर एखादी मोकळी होते."

"आणि नाही झाली तर?"

"तर परत उचला-ठेवा." आवाज अगदी सपाट. "आमच्याकडे पहिला मी केला, मॅडम. दुसऱ्या मेमोनंतर. मुलींनी माझं बघून केलं. आणि पाच सेकंदांखालचे धरू नका असं तुमचं पत्र आलं, तेव्हा आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला?"

"आम्ही म्हटलं, वरूनच सोय करून दिली."

"फक्त तुमच्याच कक्षात?"

ती हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं तिला. "मॅडम, आम्ही सगळ्यात उशिरा शिकलो. म्हणून तर बोर्ड लागल्यावरही शेवटीच होतो."

१८ सप्टेंबर

कॉल ध्वनिमुद्रित होतात. अभियंत्याकडून पाच सेकंदांखालचे मागवले. मे ते ऑगस्ट, एक लाख बारा हजार. चुकून खिशात दाबले गेलेले किती, ते ऐकल्याशिवाय कळणार कसं? दार लावून बसले. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

"हॅलो, अहो, माझे." कट.

"लवकर या, इथे." कट.

"आई पडल." कट. 'पडली'सुद्धा पुरं झालेलं नाही.

लहान मूल, नुसतं रडणं, दीड सेकंद. एका बाईने "हुश्श, उचलला" एवढंच म्हटलं होतं.

एकेक पुन्हा पुन्हा ऐकून, वहीत टिपून, साडेतीनशे झाले. खिशातले सतरा निघाले.

मला वाटलं होतं की शेवटी मी रडेन. रडले नाही. हिशेब करत होते. साडेतीनशेला आठ तास, तर सगळ्याला तीनशे वीस दिवस. तेही रविवारी ऐकत बसले तर.

२० सप्टेंबर

सचिवांना सगळं सांगितलं. दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं. हुशार माणूस आहे, ते मी नाकारत नाही.

"बाई, बायकोचा जबाब काय म्हणतो?"

"हात थरथरत होता. आपल्याकडून कट झाला, असं तिला वाटतं."

"तिला वाटतं ना? मग अहवालात तेच लिहा. फोन करणाऱ्याकडून खंडित. तुमच्या त्या थोरलीची नोकरी वाचेल. तिच्यावर खटला होईल, तोही टळेल. मुली वाचतील. अकरा कक्षांवरचा लोकांचा भरवसा वाचेल. कुणाचं काय बिघडतं?"

"आणि तो चौदावा रकाना?"

"तो तुम्हीच काढलात ना," ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

२१ सप्टेंबर

थोरलीचा फोन. मला वाटलं, स्वतःसाठी रदबदली करेल. म्हणाली, "मॅडम, माझं काय व्हायचं ते होऊ दे. मुलींवर येऊ देऊ नका. एकीचं तर अजून वर्षही झालं नाही लागून."

२३ सप्टेंबर

सही केली. 'कॉल क्रमांक एक ते चार फोन करणाऱ्याकडून खंडित झाले असण्याची शक्यता आहे.' शक्यता हा शब्द मी घातला. त्याने मला बरं वाटेल, असं वाटलं होतं.

सहा मुलींसाठी केलं, असं पुढे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. इथे तरी खोटं नको.

४ ऑक्टोबर

तीन कागद एकाच लखोट्यात आले.

पहिला, माझ्या कामाच्या कौतुकाचा.

दुसरा, सर्व कक्षांना: पुढील वर्षी लक्ष्य सात सेकंद.

तिसरा, डोंगराकडच्या कक्षाला दोन जास्तीच्या मुली मागितल्या होत्या, त्याचं उत्तर: 'कक्षाची सरासरी उत्कृष्ट असल्याने गरज दिसून येत नाही.'

हा तिसरा मी चारदा वाचला. चूक कुठेच नाही त्यात. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

खाली अभियंत्याची चिठ्ठी टाचलेली. अहवालाची प्रत नियमाप्रमाणे तक्रारदाराला गेली. दिराने तक्रार मागे घेतली.

म्हणजे त्याला पटलं.

९ ऑक्टोबर

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं, मार्चपासूनचं. मग म्हटलं, "मे महिन्यात तुम्ही म्हणालात, गणित बसत नाही. पुढे का नाही बोललात?"

"तू म्हणालीस शब्दकोडी सोडवा."

"म्हणून सोडवत बसलात?"

"तुझ्यापुढे बोलायचं म्हणजे," असं म्हणून हे थांबले. मग ताट उचलून आत गेले.

अभियंता दारात घुटमळला होता. थोरलीने फोनवर दोनदा हो म्हटलं होतं. घरात हे. प्रत्येकाने अर्धं वाक्य बोलून पाहिलं आणि मी ठेवून दिलं.

१० ऑक्टोबर

थोरलीला फोन केला. सांगितलं की सुताराच्या बायकोकडे जाणार आहे, खरं सांगणार आहे, आणि मग ते सगळीकडे जाईल.

"मुलींची नावं?" तिने विचारलं.

"घालणार नाही. नियम माझा होता."

"माझं घाला. पहिला मी केला होता." आणि मग, "मॅडम, आधी गेला असतात तर बरं झालं असतं."

११ ऑक्टोबर

सुताराचं घर. पुढच्या खोलीत कारखाना, मागे राहायचं. भिंतीला फळ्या टेकवून ठेवलेल्या, लाकडाच्या भुशाचा वास, दीर यंत्रावर काहीतरी कापत होता. बाईने मला मागे नेऊन बसवलं. चाळिशीची असेल. उजवा हात डाव्यात धरून बसली होती. बोलणं होईपर्यंत सोडला नाही.

ती म्हणाली, "मी आता फोन घेतच नाही हातात. कुणाला करायचा असला तर मुलीला सांगते. माझ्याच्याने व्हायचं नाही ते."

मी म्हटलं, "तुमच्याकडून फोन कट झाला नव्हता."

"म्हणजे?" ती म्हणाली.

"चारही वेळा नंबर बरोबर लागला होता. आमच्याकडे उचलला आणि ठेवून दिला."

"चुकून?"

"नाही."

"मग?"

मी सांगायला लागले. बोर्ड, दहा सेकंद, लाल, घंटा, मेमो. सचिवांना जे दोन मिनिटांत कळलं, ते तिला कळेना. कळेना म्हणजे, प्रत्येक वाक्याला ती "पण का?" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर आधीपेक्षा आखूड होत गेलं. शेवटी तिने विचारलं, "हा नियम कुणी केला?"

"मी."

ती उठली. दारात जाऊन ओरडली, "भावोजी, ते यंत्र बंद करा. इकडे या." मग माझ्याकडे वळली. "आता परत सांगा. पहिल्यापासून."

परत सांगितलं. दिराने फळीवरून अहवालाची प्रत काढून माझ्यासमोर धरली. "यात तर लिहिलंय, फोन करणाऱ्याकडून. ही सही कुणाची?"

"माझी."

"मग खरं कुठलं?"

"आज सांगते ते."

"आज!" तो म्हणाला. "उद्या तिसरंच सांगाल. मी महिनाभर हिला काय काय बोललोय, ठाऊक आहे तुम्हाला? हिच्या मुलीसमोर बोललोय." त्याने प्रत परत फळीवर टाकली.

"लिहून द्या," बाई म्हणाली.

मुलीने वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं. चाळीस वर्षं सरकारी मसुदे लिहिले, हात आपोआप 'असण्याची शक्यता'कडे वळला. बाई खांद्यावरून वाचत होती. "ते नको. लिहा, बरोबर लावला होता. पाचही वेळा." ते लिहिलं. "कुणी ठेवला ते लिहा. का ठेवला ते लिहा." तेही लिहिलं. नाव, हुद्दा, तारीख. तिने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला, संथ, शाळेतल्यासारखा. पाचही वेळा या शब्दांशी थांबली, मागे गेली, ती ओळ पुन्हा वाचली. मग कागद दिराच्या हातात दिला, आणि म्हणाली, "आता तुम्ही वाचा."

तो वाचायला लागला तेव्हा मी उठले. कुणी बसा म्हटलं नाही, म्हणण्याचं कारणही नव्हतं.

परतताना गाडीत बसून हे लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. पुढच्या वर्षासाठीचे सात सेकंदांचे बोर्ड कालच बसले, अकराही ठिकाणी. ते एका कागदाने निघणार नाहीत, एवढं मला सरकार कळतं. थोरली जाईल, मी जाईन, आणि माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याला खणात उत्तम आकडेवारी मिळेल.

दोन कागद आहेत. दोन्हींवर माझी सही, तोच हुद्दा. त्यातला खोटा कुठला, ते सांगायला उद्या दहा वाजता सचिवांकडे जायचं आहे. भेटीसाठी दुपारी त्यांच्या कचेरीत फोन केला होता. चिटणीस म्हणाला, "थोडक्यात सांगा, बाई, साहेबांना वेळ नाही." मी म्हटलं, थोडक्यात सांगता येणार नाही.